जखमेचे मोल

पोलादाच्या कारखान्याचा इतिहास लिहिणारे बहुधा टनांचे आकडे देतात. भिलाईचा इतिहासही असाच लिहिला गेला आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभीची योजना वर्षाला 10 लाख टन पोलादाची होती. हे आकडे खरे आहेत आणि अभिमानास्पदही आहेत. परंतु प्रत्येक कारखान्याची आणखी एक वही असते. तीत कोणाचा अंगठा गेला, कोणाचा डोळा गेला, कोण परांचीवरून पडला आणि त्याच्या घरी काय पोहोचले, याची नोंद असते. ही दुसरी वही इतिहासकाराच्या हाती क्वचितच पडते. प्रस्तुत लेखात आम्ही तीच उघडून पाहावयाचे योजिले आहे.

भिलाईच्या विस्तारात मिसळून गेलेले जुनवानी हे गाव त्यासाठी आम्हांस सोयीचे वाटते. नाव ऐकताच मराठी कानाला ते परके वाटत नाही. एके काळी शेतांनी वेढलेल्या या गावी आज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि नव्या इमारतींची बांधकामे आहेत. येथल्या परांचीवर चढणारा गवंडी आणि पोलादाच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत जाणारा मजूर यांना कामावर इजा झाली, तर त्यांनी कोणाच्या दारी जावे? आज या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे. ते मिळावयास मात्र पुष्कळ काळ लागला, आणि त्या वाटचालीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

जखमेचे मोल ठरविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत 1659 च्या प्रतापगडाच्या प्रसंगानंतरची व्यवस्था सांगितली आहे. जखमी झालेल्यांना जखमेचे मान पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली गेली. जे कामी आले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन चालू केले. पुढे पेशवाईच्या दप्तरांत 'बालपरवेशी' हा शब्द भेटतो. लढाईत पडलेल्या शिपायाच्या लेकरांच्या पोषणासाठी दिलेली ही नेमणूक होय. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली 1854 पर्यंत असलेल्या या छत्तीसगडाला ही मराठी राज्यपद्धती अपरिचित नव्हती.

या जुन्या व्यवस्थेतील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जखमेला श्रेणी असते, आणि गेलेल्या माणसाच्या वेतनाचा काही अंश त्याच्या घराला मिळाला पाहिजे, ही दोन्ही तत्त्वे तिच्यात स्पष्ट आहेत. तथापि हे सारे धन्याच्या उदारपणावर अवलंबून होते. धनी थोर असला तर देणे थोर; तो नसला तर जखमी माणसाने दाद मागावी अशी जागा नव्हती. शिवाय ही व्यवस्था शिपायासाठी होती. विहीर खणताना दरड अंगावर येऊन पंगू झालेल्या बेलदाराची गणना तीत नव्हती.

गिरण्या आणि आगगाड्या आल्या आणि इजेचे स्वरूपच पालटले. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतर लगेच 1855 चा तेरावा कायदा आला. दुसऱ्याच्या अपकृत्याने माणूस मेला तर त्याच्या पत्नीला, मुलांना व आईबापांना नुकसानभरपाईचा दावा लावता येईल, असे या कायद्याने ठरविले. विलायतेत 1846 साली झालेल्या कायद्याचा हा हिंदी अवतार होता.

हा कायदा कागदावर चांगला होता; मजुराच्या हाती मात्र त्यातून फारसे काही येण्याजोगे नव्हते. त्याचे कारण 'अपकृत्य' या शब्दात आहे. मालकाचा दोष सिद्ध करावयाचा, तोही दिवाणी न्यायालयात, स्टँप लावून, वकील देऊन आणि साक्षीदार उभे करून. साक्षीदार कोण? त्याच मालकाच्या पगारावर जगणारे सोबती. त्यातच इंग्रजी न्यायालयांनी 1837 सालच्या एका निकालातून एक विलक्षण सिद्धांत काढला होता. खाटकाच्या पदरी असलेल्या एका नोकराची मांडी गाडी मोडून पडल्यामुळे मोडली, आणि न्यायालयाने त्याला भरपाई नाकारली. त्यातून असे तत्त्व रूढ झाले की, सहकाऱ्याच्या चुकीने इजा झाल्यास मालक जबाबदार नाही. नोकरीत शिरतानाच नोकराने तो धोका पत्करलेला असतो. मोठ्या गिरणीत मालक स्वतः यंत्राला हात लावीत नाही. तेथे जी चूक होईल ती कोणत्या तरी सहकाऱ्याचीच असावयाची. म्हणजे गिरणी जितकी मोठी, तितका मालक अधिक निर्दोष!

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग मुंबईच्या गिरणीकामगारांनी 1884 साली दाखविला, ही गोष्ट आपल्या लोकांच्या स्मरणात असावी तितकी नाही. 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत सभा भरल्या. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे मांडावयाच्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाच होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच कामाची वेळ आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, या चार मागण्यांची आठवण पुष्कळदा काढली जाते. पाचवी मागणी अशी होती की, कामावर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

या मागणीत चूक कोणाची हा प्रश्नच नाही. पट्टा सुटला तो जॉबरच्या हयगयीने की तेल घालणाऱ्या पोराच्या झोपेने, याची चौकशी लोखंडे करीत नाहीत. माणूस कामावर होता आणि काम करताना त्याला इजा झाली, एवढेच ते पुरेसे मानतात. त्याच वर्षीच्या जुलैत जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीने अपघातविम्याचा कायदा केला होता आणि त्याचाही पाया हाच होता. धंद्यातून जसा नफा निघतो तशा इजाही निघतात. म्हणून इजेचा खर्च धंद्यानेच सोसावा, हा विचार युरोपातील राज्यकर्ते आणि परळचे गिरणीकामगार एकाच वर्षी बोलून दाखवीत होते. जर्मनीत त्याचा कायदा झाला. मुंबईत ते निवेदन राहिले. 1891 च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुटीची मागणी पदरात पडली. इजेची भरपाई त्यात आली नाही. 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगने लोखंडे यांचा अंत झाला. विलायतेच्या पार्लमेंटाने कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला तोही त्याच वर्षी.

हिंदुस्थानात असा कायदा व्हावयास 1923 साल उजाडले, आणि 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. सुपारीबागेच्या सभेला तोवर चाळीस वर्षे होत आली होती. नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या अपघाताने इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यावी, असे या कायद्याचे मूलसूत्र होते. दाव्यासाठी दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. मृत्यूची भरपाई मालकाने विधवेच्या हाती परस्पर न देता कमिशनरकडे भरावयाची, म्हणजे मध्येच कोणी ती गिळंकृत करू नये. भरपाईच्या रकमेवर सावकाराची जप्ती येऊ शकणार नाही. आपला हक्क सोडल्याचा कागद कामगाराने लिहून दिला तरी तो कागद निरर्थक. आणि मालकाने काम ठेकेदाराकडे सोपविले असले, तरी मजुराला मूळ मालकाकडे भरपाई मागता येईल. मालकाने मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी. शंभर वर्षांपूर्वीच्या या तरतुदी वाचताना, कायदा लिहिणाऱ्यांना मजुराच्या घरची स्थिती चांगली ठाऊक होती, असे म्हणावेसे वाटते.

रकमा अर्थात तुटपुंज्या होत्या. प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा 2,500 रुपये, यांत जे कमी असेल ते. कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा 3,500 रुपये, यांतही जे कमी असेल ते. अल्पकाळच्या इजेला पहिल्या दहा दिवसांचे काहीच मिळत नसे. कोलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी 1921 पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते, आणि 1929 साली नेमलेल्या मजूरविषयक शाही कमिशनवरही ते सभासद होते. त्या कमिशनच्या अहवालानंतर 1933 साली कायद्याची दुरुस्ती झाली. दहा दिवसांचे सात झाले. पुढे 1959 साली सातांचे तीन झाले. कामगार मेल्याचे कळताच कमिशनरने स्वतः मालकाला नोटीस पाठवून तीस दिवसांत हकीकत मागवावी, आणि मालकाने जबाबदारी नाकारली तर मृताच्या आश्रितांना दाव्याचा हक्क कळवावा, अशी तरतूदही 1933 च्याच दुरुस्तीने आली. निरक्षर विधवेने कायदा शोधीत यावे त्यापेक्षा कायद्यानेच तिच्या दारी जावे, हा त्यामागील विचार होता.

त्याच मार्गावरील पुढचा टप्पा कामगार विम्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद होते. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. बी. पी. आदारकर यांनी 1944 साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सरकारला सादर केला. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला, आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. विमा उतरविलेल्या कामगाराला मालकाशी भांडावे लागू नये, महामंडळाने त्याला परस्पर द्यावे, ही त्यातील सुधारणा होती.

भिलाईचा कारखाना उभा राहिला तो हे कायदे सिद्ध झाल्यानंतर. करार झाला त्या दिवशी दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी प्रांतरचना बदलली तेव्हा भोपाळ ही राजधानी झाली, आणि 1 नोव्हेंबर 2000 पासून रायपूर. राजधान्या बदलल्या तरी भरपाईचा कायदा तोच राहिला. तथापि कायदा हाताशी असला तरी त्याच्या कक्षेत कोण येतो, हा प्रश्न उरतोच. कायम नोकराचे नाव कारखान्याच्या दप्तरात असते. ठेकेदाराच्या मजुराचे नाव कित्येकदा मुकादमाच्या चोपडीतही नसते. भिलाईला लोहदगड पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा खाणींतील ठेक्याच्या मजुरांची संघटना 1977 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, ती याच प्रश्नावर: आम्ही कोणाचे नोकर? नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली. त्यांचा प्रश्न आजही जुन्या झालेल्या अर्जांतून डोकावतो.

अपघात स्वतः मात्र अशा भेदांकडे पाहत नाही. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या कारखान्यात पंपगृहापाशी विषारी वायू सुटला आणि सहा जण दगावले; त्यांत दोन उपमहाप्रबंधक होते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक भट्ट्यांच्या वायुवाहिनीत स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वायू आणि आग यांना हुद्दा कळत नाही. हुद्दा कळतो तो अपघातानंतर, कागदपत्रे लिहिताना.

आता जुनवानीच्या गवंड्याकडे वळू. समजा, त्याचे वय चाळीस आहे, महिन्याचे वेतन 15,000 रुपये आहे आणि यंत्रात सापडून त्याचा एक अंगठा गेला. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अंगाची किंमत शेकड्यात दिलेली असे: अंगठा 30, तर्जनी 14, मधले बोट 12, एका हाताची चारही बोटे 50, दुसरा शाबूत असता एक डोळा 40. वेतनाचे साठ टक्के, म्हणजे 9,000 रुपये, चाळीस वर्षे वयाच्या 184.17 या गुणकाने गुणावयाचे आणि त्याचे तीस टक्के घ्यावयाचे. उत्तर येते 4,97,259 रुपये. तोच माणूस मेला असता, तर वेतनाच्या निम्म्याला त्याच गुणकाने गुणून घरच्यांना 13,81,275 रुपये मिळावयाचे. 2020 साली वेतनमर्यादा 15,000 झाल्यानंतरचा हा हिशोब आहे. मृताच्या घराला निमे वेतन! सभासदाच्या बखरीतील प्रमाण तीन शतकांनंतर कायद्याच्या सूत्रात पुन्हा आले. फरक इतकाच, की आता त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज उरली नाही.

शेकड्यांच्या या कोष्टकावर कोणी निर्दयतेचा आरोप करील. मनुष्याच्या हाताची किंमत बाजारभावासारखी मांडावी काय? आक्षेप वाजवी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला 1975 च्या डिसेंबरात उत्तरही दिले. ओरिसातील एका चित्रपटगृहाचे नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व होते. न्यायालयाने म्हटले की, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाचे अपंगत्व पूर्ण होय. म्हणजे शरीराचा किती भाग गेला एवढेच पाहावयाचे नसून, त्या माणसाचे कोणते काम गेले हेही पाहावयाचे असते. त्याच निकालात, भरपाई इजेच्या दिवसापासूनच देय होते, मालकाने निकालाची वाट पाहत बसू नये, असेही सांगितले गेले.

1923 चा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. 2010 साली त्याच्या नावातील 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली. भरपाईचे मूलसूत्र संहितेत कायम आहे. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दिसून आल्यास, नोकरीच्या ओघातला मानण्याची स्पष्ट तरतूद तीत आहे. जुनवानीहून सायकलीवर पहाटपाळीला निघणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही लहानसहान गोष्ट नव्हे.

असो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण सरकारी वा सार्वजनिक सेवेत घरापासून दूर राहणारे आहेत. त्यांच्या हातून हजेरीपट जातात, ठेक्याचे करार जातात, अपघाताची प्रतिवृत्ते जातात. म्हणून या इतिहासातून निघणारी एक गोष्ट आम्ही त्यांच्यापुढे ठेवू इच्छितो. 1884 पासूनच्या साऱ्या झगड्याने दोषाचा प्रश्न बाजूला सारला आणि त्याच्या जागी दोन साधे प्रश्न आणले: हा माणूस कामावर होता काय, आणि त्याचे वेतन काय होते? या प्रश्नांची उत्तरे न्यायालयात तयार होत नाहीत. ती अपघाताच्या दिवशी, आणि त्याच्या कितीतरी आधी, कचेरीतल्या टेबलावर तयार होतात. हजेरीपटावर नाव चढले नसेल, तर नोकरी सिद्ध करता करता त्या घराची वर्षे जातात. वेतन 15,000 च्या जागी 8,000 लिहिले गेले असेल, तर अंगठ्याची किंमत निम्म्याच्या जवळ येते. प्रतिवृत्तात 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' हे दोन पारंपरिक शब्द सवयीने पडले, तर विधवेपुढे नसती अडचण उभी राहते. खरे पाहता मृत्यूच्या बाबतीत कामगाराच्या तशा चुकीने भरपाई बुडत नाही, ही सुधारणा 1933 पासूनची आहे. पण शब्द लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि वाचणाऱ्या विधवेला तर नसतेच.

भरपाई मागणारा माणूस भीक मागावयास आलेला नसतो. जे देणे धंद्याच्या खर्चात आधीच धरलेले असावयास पाहिजे, तेच तो मागत असतो. लोखंडे यांनी परळच्या कामगारांच्या सह्या घेतल्या त्या याच एका विचारावर. तो विचार आज कायद्यात आहे. तो जुनवानीच्या माणसाच्या घरी पोहोचतो की नाही, हे पुष्कळ अंशी त्या दिवशीची नोंद कोणी, किती वेळात आणि किती खरी लिहिली यावर ठरते. ती लेखणी आपल्यापैकी कोणाच्या तरी हाती असते.